कुलूपताईची ठेव

शहाद्याहून प्रकाशाकडे जाताना तापीच्या अंगाला हिंगणखेडे लागतं. गाव म्हणावं तर नगरपरिषद आहे, शहर म्हणावं तर भर दुपारी मुख्य चौकात म्हशी बसलेल्या असतात आणि एसटी त्यांना वळसा घालून जाते. या नगरपरिषदेच्या लेखा विभागात हेमांगी पाटील बसते. कागदोपत्री ती लिपिक. लेखापालाची जागा रिकामी झाली तेव्हा साहेबांनी तिच्याकडे 'तात्पुरता' पदभार दिला. सरकारी तात्पुरतं किती वर्षं टिकतं हे ज्याला माहीत नाही, त्याने सरकार पाहिलेलंच नाही. काम लेखापालाचं, पगार लिपिकाचा आणि शिव्या दोघांच्या वाट्याच्या, असा तिचा संसार चाललेला.

गावाने तिला नाव ठेवलं कुलूपताई. ठेकेदार गटाराचं बिल घेऊन आला की ती चप्पल घालून आधी गटार बघायला जायची. गटार अर्धं असेल तर बिलही अर्धं. कुणी म्हणालं, "ताई, पैसे काय तुमच्या घरचे आहेत?" तर ती म्हणायची, "घरचे असते तर एवढं बोलू दिलं नसतं." तोंडाने फटकळ होती, त्यात खोटं काही नाही. तिचा नवरा लखन विसरवाडीच्या शाळेत मास्तर आहे, शनिवारी घरी येतो. तो म्हणतो, आमच्या घरात माझ्या खिशालाही लेखापरीक्षण असतं. म्हणतो आणि हसतो, कारण मास्तराचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरतो तो कुणामुळे, हे त्याला ठाऊक आहे.

पण ही बाई पहिल्यापासून इतकी कडक नव्हती. ती कडक झाली एका आखाजीपासून.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पण खानदेशात आखाजीला नुसतं अक्षय्य तृतीया म्हणणं म्हणजे आईला नुसतं बाई म्हणणं. सासरी गेलेली प्रत्येक लेक आखाजीला माहेरी येते. कडुनिंबाला झोके टांगले जातात, गाणी होतात, पुरणाचे मांडे भाजले जातात. चार वर्षांपूर्वी, ऐन आखाजीच्या आदल्या दिवशी, तापीतून गावाला पाणी चढवणारा पंप जळाला. नवा घ्यायला तिजोरीत पैसा नव्हता. तेव्हा निवडून आलेलं मंडळ नव्हतं, प्रशासकांचा कारभार होता. प्रस्ताव जिल्ह्याला गेला, तिथून त्रुटी काढून परत आला, पुन्हा गेला. इकडे टँकरभोवती बाया एकमेकींच्या झिंज्या उपटायला लागल्या. माहेरी आलेल्या लेकी आपापली पोरं काखेत मारून सासरी परत गेल्या.

त्यात हेमांगीची धाकटी बहीण काजल होती. पहिल्या बाळंतपणानंतर प्रथमच सुरतेहून आलेली, तान्ही पोर घेऊन. तिसऱ्या दिवशी पोरीला हगवण लागली आणि काजल गाडीत बसली. त्यांची आई शांतीबाई एसटी स्टँडवर उभी राहून सगळ्यांदेखत रडली. "लेकले पाणी नही पाजी शकनी मी," असं ती आल्यागेल्याला सांगत होती. त्या दिवशी हेमांगीला नगरपरिषदेत नोकरी करण्याची लाज वाटली. तिने आईचा हात धरला नाही, कारण आईने विचारलं असतं की तू तिथे बसून करतेस काय, तर सांगायला तिच्याजवळ काही नव्हतं.

मग तिने एक काम केलं. यंत्र रोज थोडं थोडं मरत असतं. त्याच्या मरणाची तयारीही रोज थोडी थोडी करायची, याला सरकारी भाषेत घसारा निधी म्हणतात. नियमात हे लिहिलेलं असतंच, पाळत कुणी नाही. हेमांगीने प्रशासकांकडून मंजुरी घेतली आणि पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा दर तिमाहीला बँकेत मुदत ठेवीत टाकायला सुरुवात केली. दिवाळीत कर्मचाऱ्यांनी उचल मागितली, तरी त्या ठेवीला हात नाही. गणपतीत रस्त्यातले खड्डे बुजवायला मुरूम कमी पडला, तरी हात नाही. हळूहळू ती ठेव एवढी झाली की उद्या पंप जळाला तर परवा नवा आणता येईल. गावात हे फार जणांना माहीत नव्हतं. तिला ते माहीत होतं आणि ती रात्री नीट झोपत होती.

मग निवडणूक झाली. नवा नगराध्यक्ष निवडून आला हेमकांत. माणूस वाईट नव्हता. तरणा, बोलका, कुणाच्याही दारी मयत झाली की खांद्याला पहिला. पण प्रचारात त्याने भाषणाच्या भरात गावाच्या वेशीवर मोठी स्वागत कमान बांधायचं वचन देऊन टाकलं होतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्यांसारखं महाग काही नाही. अंदाजपत्रकाच्या सभेत त्याने विषय काढला. कमानीला पैसा हवा आणि तिजोरी तर कोरडी. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं की बँकेत एक ठेव पडून आहे.

"पडीसन शे ना? मंग मोडू," हेमकांत म्हणाला. "पैसा गावना, कमान गावनी."

हेमांगी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली होती. सभेत कर्मचाऱ्याने विचारल्याशिवाय बोलू नये असा रिवाज आहे. ती उभी राहिली.

"भाऊ, ती ठेव पडून नाही, पहाऱ्यावर आहे. मोडायची असेल तर मोडा. माझा विरोधी अभिप्राय मी लेखी देणार, आणि उद्या पंप जळला तर तो अभिप्राय चौकात वाचून दाखवणार."

मुख्याधिकारी साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. साहेब बदलीच्या वाटेवर होते आणि बदलीच्या वाटेवरचा माणूस चष्मा फार पुसतो.

हेमकांत चिडला, पण हुशार होता. म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगा, पैसा आणू कुठून? घरपट्टी, पाणीपट्टी निम्मं गाव भरत नाही. अंदाजपत्रकात मात्र तुम्ही वसुली पूर्ण लिहिता!"

हे त्याने बरोबर पकडलं होतं. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक म्हणजे लग्नाची पत्रिका, त्यात सगळेच मान्यवर असतात. गावाकडे जेवढं येणं, तेवढं सगळं येणारच असं धरून जमेची बाजू लिहायची आणि शिलकी अंदाजपत्रक म्हणून पेढे वाटायचे, ही वर्षानुवर्षांची रीत होती. हेमांगीनेही ती मोडली नव्हती. तिला ते लागलं.

"मार्चअखेर वसुली ऐंशी टक्क्यांवर नेली तर?" ती म्हणाली. "तर त्या वसुलीतून जे उरेल त्यातून कमान बांधा. ठेवीला हात लावायचा नाही."

"अन् नही गई ऐंशीवर तर?"

"तर ठेव मोडायच्या कागदावर पहिली सही माझी."

"ठरनं," हेमकांत म्हणाला.

हेमांगी बोलून तर गेली. घरी येऊन तिने भाकरी थापली ती कच्चीच राहिली. ऐंशी टक्के हिंगणखेड्यात कधीच झाली नव्हती. पण शब्द गेला होता, आणि पाटलाच्या लेकीचा शब्द होता.

आता वसुलीचं ठरलेलं औषध म्हणजे बँड. थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायचा, चारचौघांत त्याची शोभा करायची, लाजेने तो पैसे भरतो. मोठ्या शहरांत म्हणे हे चालतं. साहेबांनी सुचवलं आणि हेमांगीने मान डोलावली. पहिलं घर निवडलं नवलसिंग गिरासे यांचं. खतं-बियाण्यांचं मोठं दुकान, दुमजली घर, आणि घरपट्टी कित्येक वर्षांची तुंबलेली.

बँड गेला, दारात उभा राहिला, वाजवायला लागला. आता चूक कुणाची? मार्च महिना, लग्नाची तीथ दाट, आणि खानदेशातल्या माणसाच्या कानावर बँड पडला की त्याचे पाय त्याचे राहत नाहीत. आधी पोरं नाचायला आली. मग शेजारचे गडी. मग माडीवरून स्वतः नवलसिंग फेटा बांधत उतरले आणि दोन्ही हात वर करून असे नाचले की बँडवाल्याने वसुली विसरून पुढचं गाणं त्यांच्या फर्माईशीचं घेतलं. त्यांनी बँडवाल्यावरून नोटा ओवाळून टाकल्या. सगळ्यांना ताक पाजलं. शेवटी वसुली लिपिकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बुधवारले परत या. मन्हा साडू येई ऱ्हायना, त्याले बी नाचनी हौस शे."

पट्टीचा एक पैसा आला नाही. वर दुसऱ्या दिवशी बँडवाल्याचं बिल मंजुरीसाठी हेमांगीच्याच टेबलावर येऊन पडलं. अख्खं गाव आठवडाभर हसलं. तिने बिल मंजूर केलं, कारण वाजवलं तर होतंच, आणि संडासात जाऊन दोन मिनिटं रडली. मग तोंड धुऊन परत जागेवर बसली.

त्याच आठवड्यात तिला एका लग्नाला जावं लागलं. जेवणं झाली, मांडवात आहेर सुरू झाला. माईकवर होता नवनीत. हा नवनीत नगरपरिषदेचा व्हॉल्वमन, म्हणजे गल्लीगल्लीत पाण्याचे व्हॉल्व फिरवणारा. पण पंचक्रोशीत त्याची खरी ओळख म्हणजे त्याचा आवाज. लग्नातला आहेर पुकारावा तर नवनीतने. देणाऱ्याने रक्कम मोजायची, टेबलावरच्या माणसाने चिठ्ठी लिहायची, आणि नवनीतने माईकवर नाव, गाव आणि आहेर असा पुकारायचा की नदीपलीकडे ऐकू जावं.

हेमांगी पान खात बसली होती. शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने एक नोट काढून हातात धरली होती. एवढ्यात त्याच्या भाऊबंदाचं नाव मोठ्या आहेरासकट पुकारलं गेलं. म्हाताऱ्याने नोट परत खिशात टाकली आणि दुसरी, मोठी काढली. त्याला कुणी लाजवलं नव्हतं. आपलं नाव पुकारलं जाणार आहे, ते चांगलं पुकारलं जावं, एवढंच त्याच्या मनात आलं होतं. हेमांगी पान थुंकून तडक माईकपाशी गेली.

"नवनीत, उद्यापासून तू व्हॉल्व सकाळीच फिरव. दिवसभर मला तुझा आवाज हवाय."

नगरपरिषदेच्या छपरावर एक भोंगा आहे, पाण्याची वेळ सांगायला बसवलेला. त्याचा माईक खाली पट्टी भरायच्या खिडकीशी आणला. जो पट्टी भरील त्याचं नाव आणि गल्ली नवनीत तिथूनच पुकारणार. रक्कम मात्र सांगायची नाही, हे हेमांगीने ठरवलं. झोपडीवाल्यानेही भरली तर 'पूर्ण', माडीवाल्यानेही भरली तर 'पूर्ण'.

पहिल्या दिवशी दोनचार नावं झाली. दुसऱ्या दिवशी गावाच्या कानाला चटक लागली. चहाच्या टपरीवर माणसं ऐकायला लागली की आज कुणाचं नाव वाजलं, कुणाचं वाजलं नाही. आहेरात ज्याचं नाव येत नाही त्याच्याविषयी कुणी काही बोलत नाही, फक्त सगळ्यांच्या ते ध्यानात राहतं. वसुली सरकायला लागली. पण अशी तशीच. चढावर बैलगाडी अडते तशी थोडी चढून थांबली. पैसे ज्यांच्या खिशात होते ते भरून मोकळे झाले होते, बाकीचे म्हणत होते, ऐकतो की आम्ही, भोंगा चांगला आहे.

मग नवनीतने एक चूक केली.

मंगलाबाई म्हणून शिंप्याची बायको आहे. मिरची वाळत घालतात त्या पथारीवर मिरची खुडायला जाते, बोटं बाराही महिने लाल. ती आपल्या मजुरीतून साठवलेले पैसे घेऊन घराची पट्टी भरायला आली. पावती फाडली गेली. आता आहेराच्या चिठ्ठीवर नाव एकच असतं, देणाऱ्याचं. नगरपरिषदेच्या पावतीवर नावं दोन असतात, एक घरमालकाचं, दुसरं भरणाऱ्याचं. इतके दिवस भरायला आले ते मालकच, म्हणून दोन्हीकडे एकच नाव होतं. नवनीतची नजर सवयीने देणाऱ्याच्या नावावर गेली आणि त्याने छाती भरून पुकारलं, "मंगलाबाई दगडू शिंपी, मारुती गल्ली, पूऽऽर्ण!"

गाव जागच्या जागी थबकलं. खानदेशातल्या मांडवात बाईच्या नावाने आहेर पुकारला जात नाही. साडी बाई निवडते, पैसे बाई वाचवते, नाव लागतं नवऱ्याचं. त्यामुळे भोंग्यावर बाईचं नाव म्हणजे कुणी गेलं की काय, असंच आधी लोकांना वाटलं. मंगलाबाई खिडकीपाशी पावती धरून उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि ती हसतेय की रडतेय हे कुणालाच कळेना.

थोड्याच वेळात तिचा नवरा दगडू गळ्यात टेप तसाच लटकलेला घेऊन धावत आला. "घर मन्हं शे! नाव मन्हं पुकारा! चूक सुधारा!"

नवनीतने जीभ चावली आणि माईक उचलला. हेमांगीही दुरुस्ती सांगायला जागेवरून उठली होती. पण तिची नजर दरवाजाकडे गेली. तिथे चारपाच बाया येऊन उभ्या होत्या, त्या एकमेकींना ढोसत मंगलाबाईकडे बघत होत्या. कुणाच्या मुठीत रुमालाची गाठ होती, कुणाचा हात पोलक्यात गेला होता. हेमांगी पुन्हा खाली बसली.

"दगडूभाऊ, चूक झालेली नाही," ती म्हणाली. "पैसे ज्याच्या हातून आले, नाव त्याचं. उद्या तुमच्या हातून येऊ द्या, तुमचं पुकारू."

"असा नियम शे का?"

"आजपासून आहे."

त्या दिवसानंतर खिडकीपुढे बायांची रांग लागली. दूध डेअरीचे पैसे आले, बचत गटातले आले, पापडांचे आले. एका म्हातारीने तर नवऱ्याने भरलेली पट्टी रद्द करून आपल्या नावाने घेता येते का, असं विचारलं. नवरे चौकात जमून कुरकुरायचे, पण बायको पट्टी भरते ती भरू नकोस असं कुठल्या तोंडाने सांगणार? नवलसिंगांच्या घरचंही नाव वाजलं, त्यांच्या बाईचं. त्या माडीवरून उतरल्या, खिडकीत धनादेश ठेवला आणि घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, आता नाचा. हेमांगीला इतका आनंद झाला की ती नवनीतला स्वतःच्या पैशाने रोज लिंबू-मधाचं पाणी देऊ लागली, आवाज बसू नये म्हणून.

वसुली ऐंशीच्या उंबऱ्याला येऊन टेकली. आणि उंबऱ्यावर बसून होता तिचा बाप.

रतिलाल पाटील. तापीकाठी काळी जमीन, पपई आणि केळी, आणि गावाच्या कडेला पपई भरून दिल्लीकडे पाठवायचं मोठं शेड. रतिलाल म्हणत, हे माझं खळं आहे, खळ्याला कसली पट्टी? नगरपरिषद म्हणे, खळ्यात वजनकाटा नसतो, ट्रक लागत नाहीत, मजूर कामाला नसतात, हा व्यापार आहे. व्यापाराच्या दराने त्या शेडची आकारणी झाली तेव्हा कागद हेमांगीच्याच टेबलावरून गेला होता. तिने तो अडवला नव्हता. "पोर नगरपालिकामा अन् बापलेच नोटीस!" असं म्हणून रतिलालने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. संक्रांतीला ती तीळगूळ घेऊन गेली तर त्यांनी डबी घेतली आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं. ते तिला जितकं लागलं तितकी आजवर कुणा ठेकेदाराची शिवी लागली नव्हती.

हेमकांत रोज खिडकीशी येऊन उभा राहायचा. एक दिवस हसत म्हणाला, "ताई, बठ्ठा गावनं नाव ऐकं. आबांचं नाव काही कानावर नाही पडलं."

"पडेल," ती म्हणाली. त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. आता गावात सगळ्यात मोठी थकबाकी तीच उरली होती. त्या एका शेडवर ऐंशीचा आकडा अडकला होता. ती बापाकडे गेली असती तर त्यांनी नाही म्हटलं नसतं कदाचित. पण मग त्यांनी पैसे लेकीवर उपकार म्हणून भरले असते, पट्टी म्हणून नव्हे. ज्या खुर्चीवरून तिने दगडू शिंप्याला नियम सांगितला, त्या खुर्चीवरून उठून बापाचे पाय धरायला जायचं तिच्याने होईना. तिने इतरांना पाठवली तशीच स्मरणाची नोटीस त्यांनाही पाठवली आणि गप्प बसली.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारपर्यंत रांग होती, मग तुटली. ऊन कलायला लागलं तेव्हा खिडकीपाशी शांतीबाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, गावातून पायी चालत आलेली. लेकीकडे न बघता ती वसुली लिपिकाला म्हणाली, "मन्हा घरनी पट्टी भरनी शे."

"माय, शेडची?" लिपिकाने विचारलं.

"शेड त्यासनं. मी ऱ्हास ते घर. घरनी घे." तिने पिशवीतून पैसे काढले. दोन म्हशींच्या दुधाचे पैसे होते. मग हेमांगीकडे वळून पहिल्यांदा म्हणाली, "काजल यंदा आखाजीले येई ऱ्हायनी. पोरगीले धरीसन."

हेमांगीने स्वतःच पावती फाडून पुढे केली. नवनीतने पावती घेतली, घसा साफ केला, आणि त्या दिवशी तो जसा पुकारला तसा कुठल्या लग्नात पुकारला नसेल. "शांतीबाई रतिलाल पाटील, पाटीलवाडा, पूऽऽर्ण!"

शेड गावाच्या कडेला होतं, पण भोंगा तिथवर पोचत होता. नावातलं 'रतिलाल' ऐकून शेडमधले मजूर मालकाकडे बघायला लागले. एकाने विचारलंच म्हणे, "आबा, तुम्हना नाव बाईना मांगे लागनं का?"

खिडकी बंद व्हायच्या बेतात होती तेव्हा रतिलालची बुलेट नगरपरिषदेच्या आवारात शिरली. ते धनादेशाची वही काखेत धरून आले आणि बायकोकडे बघून कडाडले, "मन्हं घर, अन् नाव तुन्हं?"

"तुम्ही नही भरं, मी भरं," शांतीबाई म्हणाली आणि पायरीवर आरामात बसली.

रतिलाल खिडकीशी आले. हेमांगी स्वतः उठून लिपिकाच्या जागी बसली होती. बाप आणि लेक, मध्ये गज.

"शेडनं किती व्हयनं?"

तिने आकडा सांगितला. व्याजासकट सांगितला.

"हाई अन्याय शे. खळं शे ते मन्हं."

"आबा, तक्रार नोंदवून भरता येते. पैसे भरा, सोबत अपिलाचा अर्ज द्या. तुमचं म्हणणं खरं ठरलं तर पुढच्या पट्टीतून वजा होईल. अर्ज मी देते. पण दर मी कमी करणार नाही."

"मी मांगना का तुन्हाकडे कमी?" ते गुरगुरले. मागे हेमकांत येऊन उभा होता, साहेब उभे होते, दगडू शिंपी आणि आणखी अर्धा बाजार उभा होता. रतिलालने वही गजावर टेकवली, धनादेश लिहिला, अपिलाच्या अर्जावर सही केली आणि दोन्ही आत सरकवलं. हेमांगीने अर्जावर पोच दिली, पावती फाडली. भरणाऱ्याच्या नावापुढे पेन थांबलं, कारण रतिलाल बोट उचलून नवनीतकडे बघत होते.

"आते माले पण पुकार," रतिलाल म्हणाले. "पण असा पुकार. शांतीबाईना नवरा, रतिलाल पाटील."

आवारात असा हशा उसळला की नवनीतलाच पुकारायला वेळ लागला. शांतीबाईने पायरीवर बसल्या बसल्या कपाळाला हात मारला. लाजली होती ती, या वयात. भोंगा वाजला आणि गावाने ऐकलं.

हेमांगीने मान खाली घालून बेरीज केली. एकदा केली, पुन्हा केली, दोन्ही वेळा ऐंशीच्या वर गेली. मग कागद हेमकांतपुढे धरला. त्याने आकड्यावर बोट ठेवून तो वाचला. शब्द दिला होता, आणि तोही इथल्याच मातीचा होता. "कमान लहान बांधू, ताई," तो म्हणाला. "जे उरी त्यामा." त्याने कागद परत दिला आणि नवनीतच्या पाठीवर थाप मारून निघून गेला.

लोक पांगले. रतिलाल मात्र खिडकीपाशीच उभे होते, वही काखेत घालून, जायचं विसरल्यासारखे. इतक्या महिन्यांनी लेकीशी बोलायचं तर सुरुवात कुठून करायची, हे त्यांना उमगत नसावं.

"तुन्ही ती पंपनी ठेव," शेवटी ते म्हणाले. "वाचनी का ती?"

हेमांगीने चमकून वर पाहिलं. तिने त्यांना ठेवीविषयी कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं असेल, किंवा चौकात ऐकलं असेल. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"वाचनी, आबा."

"मंग पाणी पाज, माय," रतिलाल म्हणाले. "घसा सुकी गया मन्हा."